झ्देंका म्हणजे काय?

२६ मे ’९६, रवि.
बारसं १६ जूनला ठरलं. सासूबाई सांगलीहून पत्रिका करूनच आल्यात. अक्षर ‘मे’, नाव मेघना. मी म्हटलं, झ्देंका. मग सासूबाई, “अगं, निदान अर्थ तरी सांग. लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?”
अर्थ मला कुठे ठाऊक! चेक देशात ब्र्नोला ट्रेनिंगला असताना न्यूमोनिया झाला, तेव्हा अठरा दिवस घरमालकीण झ्देंकाबाईंनी चमच्याने सूप पाजलं. मुलगी झाली तर तुमचं नाव ठेवीन, असा शब्द दिलाय. एवढा अर्थ पुरत नाही का?

३० मे
इंदिरानगरच्या लायब्ररीत नावांचं जाडजूड पुस्तक मिळालं. चेक नाव औषधालाही नाही. पोरीला शेजारच्या गीताक्कांकडे ठेवून भर उन्हात हेलपाटा. अनिल म्हणे, तुझंही बरोबर, आईचंही बरोबर. असा नवरा काय कामाचा!

७ जून, शुक्र.
अनिलच्या ऑफिसातून फॅक्स करून झ्देंकाबाईंना अर्थ विचारला होता, त्याचं उत्तर फॅक्सनेच आलं, मुलीकडून इंग्रजीत लिहवून घेतलेलं. काही म्हणतात, बांधणं, घडवणं यावरून आलं. काही म्हणतात, सिदोन नावाच्या जुन्या शहरावरून. नक्की कुणालाच माहीत नाही. “एकाहत्तर वर्षं अर्थावाचून अडलं नाही. बाळाचं नाव काय ठेवलंस ते कळव.”

रात्री सांगितलं. सासूबाई, “बांधणारी? म्हणजे गवंडीण?” बेबीताई, अनिलची बहीण, खो खो हसली. माझा तोल गेला. म्हटलं, “तुम्हाला पन्नाशीत बेबी म्हणतात, त्याचा अर्थ विचारला का कुणी?” ताई उठून आत गेली.
नको होतं बोलायला. पाळण्यात नाव आत्याच ठेवणार.

१६ जून, रवि.
झालं बारसं. मेघना. घुगऱ्या वाटल्या, गीताक्कांनी चांदीचा चमचा दिला. मी हसत होते, आतून नुसता जळफळाट.
पण ताई पाळण्यात वाकली ती बराच वेळ वर येईना. मेघना म्हणायला इतका वेळ?

१९ जून
ताई आज परत गेली. रिक्षात बसताना न राहवून विचारलं, “कानात काय सांगितलंत?”
“आत्याने कानात सांगितलेलं आईने विचारायचं नसतं.” मग रिक्षावाल्याला इथल्या कानडीत “सरी, नडी अण्णा”, बरं, चल दादा, म्हणाली आणि गेली. हसली की नाही, दिसलं नाही.

ब्र्नोचं पत्र लिहायला घेतलंय. ‘प्रिय झ्देंकाबाई, बारसं झालं. बाळाचं नाव’ इथवर. दुपारपासून पेन तिथेच अडलंय.