बहुधा पित्त

आई, तुझ्यामुळे माझा एक प्रश्न सारखा चुकतो. तू जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, तरी त्याचा राग मी तुझ्यावरच काढते आहे, कारण दुसऱ्या कुणावर काढू? आधी मी काय काम करते ते सांगते. तिकडे अमेरिकेत माणूस आजारी पडतो आणि त्याचे दवाखान्यातले कागद इथे लोअर परळला माझ्यासमोर कॉम्प्युटरवर येतात. ते वाचून प्रत्येक दुखण्याला ठरलेला कोड लावायचा, त्या कोडवरून विमा कंपनी हॉस्पिटलला पैसे देते. ज्या गिरणीच्या गेटवर तू आणि शेजारच्या काकू जेवणाचे डबे पोचवायचात, तिच्याच आवारात आता आमचं काचेचं ऑफिस आहे. ‘दुसऱ्याची दुखणी वाचूचो पगार गावता?’ असं तू विचारलं असतंस.

इतकी वर्षं मी फक्त ओपीडीचे कागद केले. म्हणजे आला, तपासला, गोळ्या घेऊन घरी गेला, अशा पेशंटचे. ते काम आता मशीन करतं. साहेबांनी आम्हाला मीटिंगमध्ये बसवून सांगितलं की जे भरती झालेल्या पेशंटच्या कोडिंगची परीक्षा पास होतील ते त्या टीममध्ये जातील. बाकीच्यांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘बघू.’ हे ‘बघू’ आपल्या डिलाईल रोडच्या चाळीत प्रत्येक घराने गिरण्या बंद होताना ऐकलेलं आहे. तेव्हा या वयात मी पुन्हा अभ्यासाला बसले. विटेएवढी जाड पुस्तकं, त्यांना रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या, बाजूला कुकरच्या शिट्ट्या, आणि मी ओट्याशी उभी राहून नियम पुटपुटते आहे.

त्यातला एक नियम माझ्या डोक्यात जाऊनही बसत नाही. डॉक्टरांची खात्री नसते तेव्हा ते ‘बहुधा अमुक’ असं लिहितात. ओपीडीच्या कागदावर असं लिहिलेलं असेल तर तो आजार धरायचाच नाही. छातीत दुखतंय तर छातीत दुखणं एवढंच लिहायचं. पण तोच पेशंट भरती झाला आणि शेवटच्या कागदावरही ‘बहुधा’ राहिलं, तर मात्र तो आजार आहेच असं समजून कोड लावायचा. शब्द तोच, एका दारात त्याची किंमत शून्य आणि दुसऱ्या दारात सोळा आणे. आमचे शिकवणारे सर माझ्यापेक्षा खूप लहान आहेत. परवा त्यांनी माझा सरावाचा पेपर बघून कपाळावर हात मारला. ‘मॅडम, तुम्ही परत उलटं केलंत! ओपीडीत बहुधाला पक्कं धरलंत आणि ॲडमिट झाल्यावर सोडून दिलंत. यार, असं तर नवीन पोरंपण करत नाहीत.’ सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना मला एकदम उमगलं की उलटा नियम मी कुठून शिकले.

आपण दोघी परळच्या हॉस्पिटलात ओपीडीच्या बाकावर बसलो आहोत. तुझ्या मांडीवर रिकामी पिशवी, कारण तिथूनच पुढे बाजार करायचा आहे. छातीत जळजळतं, जिना चढताना दम लागतो, असं तू सांगतेस, तेही डबे वेळेत जाईनात म्हणून. डॉक्टर म्हणतात, ‘बहुधा पित्त असेल, पण छातीची पट्टी काढून घ्या.’ तू पहिलं अर्धं वाक्य पदरात बांधून उठलीस. पट्टी म्हणजे ईसीजी, त्या खोलीपाशी रांग बघितलीस आणि म्हणालीस, ‘येवया कधीतरी.’ संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला माहीत झालं होतं, ‘डॉक्टरान सांगितल्यान, पित्त आसा.’ त्यातलं ‘बहुधा’ तू कुठे टाकलंस ते मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी तुला दुपारी कोकमाचं सार द्यायला सुरुवात केली. डबे भरून झाले की उंबऱ्यात बसून तू ते प्यायचीस आणि काकू तुझ्याकडे अशा बघायच्या की जणू औषध त्यांनीच शोधून काढलं आहे.

मग काही महिन्यांनी तू पोळपाटाशीच घामाघूम होऊन बसलीस आणि आम्ही तुला भरती केलं. वॉर्डमधले डॉक्टर फार हळू आवाजात बोलले. ‘बहुधा हार्टचं आहे.’ तू कॉटवरून मला खूण करून जवळ बोलावतेस. मला वाटतं घाबरली असशील. तर म्हणतेस, ‘बहुधा म्हणजे नाय. खात्री असती तर सांगितल्यानी नसता?’ आणि वर मलाच दटावतेस, ‘रडतंस कित्याक? काकूक सांग, उद्या मी येतंय, पीठ तिंबून ठेव.’ दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस. आम्ही कुणी पुढे काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलंही नाही. तुझ्या बाबतीत ‘बहुधा’ तसंच राहून गेलं. कधी मला तुझा भयंकर राग येतो, कधी वाटतं, तुझं बरोबर असेल, पित्तच असेल आणि हृदय नुसतं दमलं असेल. आजारांची दोन जाड पुस्तकं पाठ करूनही मला यातलं काही ठरवता येत नाही.

आज दादरला परीक्षा झाली. मधेच तो प्रश्न आलाच. एक बाई, छातीत दुखतं म्हणून भरती झाली, दोन दिवसांत गेली, शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलंय, बहुधा हार्ट अटॅक. मी पेन्सिल खाली ठेवली. तू कानाशी म्हणालीस, बहुधा म्हणजे नाय. आई, मी तुझं ऐकलं नाही. नियम आठवून हार्ट अटॅकच्या गोलावर खूण केली आणि तो गोल नीट, काठापर्यंत भरला. उत्तर बरोबर आहे, नोकरीही बहुतेक राहील. पण पुढची काही मिनिटं मला समोरचं वाचता येईना.

येताना काकूंकडे गेले. त्या अजून आपल्याच मजल्यावर आहेत, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. परीक्षा कसली होती ते मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग माझा हात धरून म्हणाल्या, ‘तू आता त्यातलाच शिकलंस मां? मग सांग गो, तुझ्या आवशीक नक्की काय झाला होता? मी आपला सार देत रवलंय. माझ्यामुळे उशीर नाय ना झालो?’ इतकी वर्षं त्या हे मनात घेऊन बसल्या होत्या, आणि विचारायला त्यांना माझ्या परीक्षेची वाट बघावी लागली. मला सगळे नियम पाठ होते. दोन तासांपूर्वीच मी त्याचं उत्तर लिहून आले होते.

मी म्हटलं, ‘पित्तच होतं, काकू. तुमच्या साराने तिला बरं वाटायचं.’ त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मला चहा टाकायला लावला. हे खोटं होतं का, ते तूच सांगू शकली असतीस, आणि तुला विचारून काही उपयोग झाला नसता. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागाच नाही. पण तुला एक सांगायचं राहिलं. काकूंशी बोलताना ‘बहुधा’ हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता, आई, आणि मी तो गिळला.