आखाडातले वीस कोंबडे

२ जुलै
विकला! अमावास्येपर्यंत कधीही वीस गावरान कोंबडे सहाशेला एक या भावाने मागायचा हक्क — धनाजीला. विंझरमध्ये त्याचं हॉटेल आहे. आखाडात भाव कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून हजार रुपये विसार त्याने हसत दिला, भावाच्या वर, परत न मागण्याच्या बोलीवर. ऑफिसात मी हेच करते, फक्त तिथे कोंबडे नसतात.

आबांशी पैज आहे. तोटा न होता निभावलं तर सिंगापूरची नोकरी. तोटा झाला तर वरवे गावचं स्थळ बघायचं. म्हणजे महिनाभर मुक्काम घरीच.

३ जुलै
ऑफिसातलं गणिती मॉडेल म्हणतं, आज दहा कोंबडे जवळ हवेत. शेजारच्या सोजराबाईंकडून सहाशेने आणले. भाव चढला की आणखी घ्यायचे, उतरला की विकायचे — मग धनाजीने मागितले काय, न मागितले काय, आपण मोकळे!

४ जुलै
पहाटे दहाही आरवले.

८ जुलै
भाव ६५०. आणखी चार घेतले.

९ जुलै
भाव ६२०. तीन परत विकले. सोजराबाईंनी कोंबडा उलटसुलट करून पाहिला, कालचाच न्हवं का ह्यो? कालचाच.

१४ जुलै
भाव ६८०! सहा घेतले, झाले सतरा. एक आबांच्या मागे लागतो. आईला न्हाणीत जाता येत नाही. मॉडेलमध्ये शिटेचा खर्च धरलेला नाही.

१९ जुलै
अरे देवा! सोजराबाईंना विचारलं, भाव रोज बदलतो कसा?

"तू घ्याया आलीस की वाढवते, इकाया आलीस की पाडते. हितं दुसरं गिऱ्हाईक हाय कोण?"

म्हणजे बाजार मीच! मी घेते म्हणून भाव चढतो, भाव चढतो म्हणून मी घेते. यासाठी सात वर्षं शिकले. हसू येतंय आणि रडूही.

२४ जुलै
अमावास्या. शेवटचे तीन ७५० ने घ्यावे लागले. धनाजी टेम्पो घेऊन आला, वीसच्या वीस सहाशेने घेऊन गेला. विसार धरूनही तोटा — सत्तर रुपये! पण तोटा तो तोटा. मला खरंच जायचं होतं. उद्या पाहुणे येतील म्हणून साडी काढून ठेवली.

२५ जुलै
वरव्याचं कुणी आलंच नाही. आईला विचारलं.

"पैज लागली त्याच दिशी आबांनी त्यांना न्हाई म्हणून कळवलंय. कोंबड्यांपायी का हुईना, म्हयनाभर घरी ऱ्हायलीस. आबांना तेवढंच पायजे हुतं."