हरळीची मशागत

पिंपरी, डिसेंबर १९५७

प्रिय भागू,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणते आणि संध्याकाळच्या भाकऱ्या झाल्या की अंग टाकते. आज चुलीपाशीच कागद घेऊन बसले आहे. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. शाळेत एका तरटावर बसायचो तेव्हाही तू माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायचीस. पुढे मी तुझी वहिनी झाले, पण तू काही म्हणायचं सोडलं नाहीस.

तू मागे विचारलं होतंस, दादा क्लबात माळी झालाय तर फुलं कसली लावतो? अगं, इथे फुलं नाहीत. आपलं रान कारखान्याच्या जमिनीत गेलं, त्यावर साहेबलोकांनी गोल्फचं मैदान केलं, आणि तारेच्या कुंपणाआतली ही खोली आणि राखणीचं काम तुझ्या दादाला मिळालं, इथवर तुला ठाऊक आहे. पण तो राखतो काय, तर हरळी. झेंड्याभोवतीच्या ज्या जागेत चेंडू हलकेच ढकलून भोकात घालतात, तिला ग्रीन म्हणतात. तिथे चेंडू सतरंजीवरून जावा तसा गेला पाहिजे. आधी तिथे तेल घातलेली वाळू असायची. ते सोपं होतं. यंदा बाहेरच्या क्लबांचे मोठे सामने इथे भरायचे ठरले आणि गवताचीच ग्रीन हवी असा हुकूम निघाला. मग काळी माती उपसली, खाली खडी, वर पवना नदीची वाळू, आणि तिच्यात हरळीची कांडकी एकेक करून लावली.

तेव्हापासून घरात तान्हं मूल असल्यासारखं चाललं आहे. सकाळी लांब बांबू फिरवून दव झटकायचं, नाहीतर गवताला रोग लागतो. मग हाताच्या यंत्राने कापायचं, आज उभं तर उद्या आडवं, कारण गवत एका अंगावर झोपलं की चेंडू तिकडेच ओढला जातो. एकाच ठिकाणी पाय पडून माती दबू नये म्हणून भोकही हलवत राहायचं. वाळू आणि कुजकं खत चाळून वरून पसरायचं आणि झाडूने मुळाशी उतरवायचं. पाणी जास्त झालं की मुळं कुजतात, कमी पडलं की दुपारपर्यंत करपतं. त्यातून थंडीत हरळी पिवळी पडायला बघते. यंत्राला धार लावायला चिंचवड स्टेशनाजवळचे हनीफभाई येतात. ते म्हणतात, वहिनी, बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. मला या सगळ्यातलं एकच कळतं. गवताला जगवायचं, पण वाढू द्यायचं नाही. रोज बघूनच मी थकते.

आत्याबाईंना हे कधी पटलं नाही. तुझ्या आईचा जन्म हरळी खणण्यात गेला. एक कांडं मातीत राहिलं तर सारं रान खाईल, हे त्यांनीच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं. इथे आल्यावर म्हणायच्या, "बापानं हरळी उपटून कंबर मोडून घेतली, आन् ह्यो तिला न्हाऊमाखू घालतोय." दादा म्हणायचा, "आई, आता तीच आपल्याला पोसतीया." मग सगळेच हसायचो. त्यांची थट्टा केव्हा थांबली, ते माझ्या ध्यानात आलं नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांनी विचारलं, "अगं, औंदा ज्वारी का पेरली न्हाई?" मी म्हटलं, आत्याबाई, रान आता आपलं नाही. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मी उगाच भाजी ढवळायला वळले.

सामन्यांच्या दिवशी सकाळी दादा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला दव झटकत होता आणि मी पाण्याला गेले होते. परत येते तर शेवटच्या ग्रीनवर आत्याबाई पदर खोचून बसलेल्या. खुरप्याने चांगली पाटाएवढी जागा मुळासकट खणून काढलेली. हरळी पुन्हा धरू नये म्हणून मुळं झेंड्याच्या काठीवर वाळत घातलेली, आणि कोवळ्या दूर्वा तेवढ्या निवडून मोरयाला वाहायला पदरात. मला म्हणाल्या, "हुबी का? बस खुरपायला. रान माजलंय, कुनाचं ध्यान न्हाई." त्यांच्या तोंडावर इतकं समाधान मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

दादा धावत आला, त्यांना हात धरून उठवलं आणि म्हणाला, "पुरं झालं आई, आता न्याहारी कर." मग त्याने आणि धार लावायला आलेल्या हनीफभाईंनी राखीव वाफ्यातली हरळी मातीसकट कापून आणली, तिथे बसवली, वरून वाळू दाबली. लांबून काही कळत नव्हतं. पण गवताचा सांधा असा घटकाभरात मिटत नाही. दुपारी एका पाहुण्याचा चेंडू सरळ भोकाकडे निघालेला, त्या सांध्यावर अडखळला आणि बाजूला गेला. तो सामना हरला. माणूस भला, हसून गेला. आमचे सेक्रेटरी साहेब हसले नाहीत. दादाने चूक स्वतःवर घेतली, पण आत्याबाईंना तिथे बसलेलं पहारेकऱ्याने पाहिलं होतं. साहेब ओरडले नाहीत. म्हातारीला तारेच्या बाहेर ठेवा, नाहीतर खोली रिकामी करा, एवढंच म्हणाले.

त्या दिवशी खुरपं मी पिठाच्या डब्यामागे लपवलं. आत्याबाई ते घरभर शोधतात. सापडत नाही तेव्हा दारात बसून गोधडीचे टाके एकेक करून उपसतात, कडेला नीट ढीग लावतात. मी संध्याकाळी पुन्हा टाके घालते. दादा ते बघतो आणि बाहेर जातो. तो तुला कधीच लिहायचा नाही. आईला लेकीच्या दारी धाडली म्हणतील, याची त्याला लाज वाटते, आणि काम सोडावं तर परत जायला रान नाही.

म्हणून मी लिहिते आहे. येत्या रविवारी दादा त्यांना तुझ्याकडे चिखलीला घेऊन येईल. तुझ्या मारुतरावांना आधी सांगून ठेव, म्हणजे दारात कुणाला अवघडायला नको. आत्याबाईंना भाकरी दुधात कुस्करून लागते, आणि अधूनमधून तुलाच सावित्री म्हणतील, तेव्हा ओ देत जा. आणखी एक मागणं आहे, भागू. विहिरीजवळच्या बांधाला तुमच्याकडे हरळी फार, असं तू नेहमी कुरकुरतेस. यंदा ती काढू नकोस. कुणालाही काढू देऊ नकोस. आत्याबाईंच्या गाठोड्यात लुगड्यांच्या घडीत मी त्यांचं खुरपं ठेवलं आहे. हनीफभाईंनी त्याला धार लावून दिली आहे.

तुझ्याच तरटावरची,
सावित्री