वरच्याचं उष्टं

१७ जून १९७९

चूल सारवायची, पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, आणि हे लूमच्या ड्युटीला निघाले की त्यांच्या कालच्या कपड्यांतला कापूस अंगणात झटकायचा. एवढीच ती सकाळ. लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. हे जाऊन तीन वर्षं झाली. आज आनंदीकाकींकडं राखेनं भांडी घासताना तीच सकाळ आठवली आणि वाईट वाटलं नाही. हे घर मानवेल असं वाटतं.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागं काकींचं घर आहे. खाली भाड्यानं दिलेले लूम, वर काकी एकट्या, त्यावर पत्रा घातलेली गच्ची. काकींना मोतीबिंदू. स्वयंपाक करायचा आणि रोज पेपर वाचून दाखवायचा, एवढं माझं काम. पुडीच्या कागदांवर वाचायला शिकले, त्याचं असं चीज होईल असं वाटलं नव्हतं. माझी काशी इथं राहिली तरी चालेल म्हणाल्या. एवढीशी पोर, खाऊन खाऊन किती खाईल, असंही म्हणाल्या. काशी अकलोलीला दिरांकडं आहे, जावेच्या हाताखाली राबते. पुढच्या महिन्यात ती माझ्याजवळ असेल. मला दुसरं काही नको.

२१ जून

पेपरात सगळं स्कायलॅबचंच. अमेरिकेची आकाशातली रिकामी प्रयोगशाळा खाली येते आहे, कुठं पडेल सांगता येत नाही. शेवटचे तिघे तिथं राहत होते तेव्हा त्यांचा नाताळ आला. जेवणाच्या रिकाम्या डब्यांचं झाड करून त्यांनी तो पाळला. त्याआधी चंद्रावर उतरलेल्या एकानं तर तिथं आपल्या देवाचं नाव घेऊन पावाचा तुकडा प्रसाद म्हणून खाल्ला होता. वाचताना बरं वाटलं. इतक्या लांब जाऊन माणसं देवाला विसरली नाहीत.

काकींनी मात्र कप खाली ठेवला. निघताना त्यांनी उत्तरपूजा केली का, असं विचारलं. पेपरात तसं काही नाही, म्हटलं. "मंग देव बसवला आन् तसाच उपाशी टाकून आले," म्हणाल्या. "पाच वर्षं. त्या रिकाम्या घरात."

२४ जून

काकींनी त्याला जेवू घालायचं ठरवलं आहे. दुपारी वरणभात, तूप, लिंबाची फोड. ताट गच्चीवर ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं, आणि ज्याला वर टाकून आले त्यानं इथं जेवावं, असं म्हणायचं. म्हातारीचं मन, म्हणून मी केलं. खाली आले, पुन्हा वर गेले, तर ताट अर्धं संपलं होतं.

शेजारची जैनब हसायला लागली. "गुने, तुझी काकी कावल्यांना साजूक तूप घालते, आन् आमच्या नशिबाला डालडा." मीही हसले.

२७ जून

कावळा नाही. मांजरही नाही. उरलेला भात ताटाच्या काठाला चिकटवल्यासारखा असतो. एकेक शीत चोखून पांढरं केलेलं, आणि त्याला बुळबुळीत तार सुटते. वास धुतलेल्या तोंडाचा नाही. पुष्कळ दिवस मिटलेल्या तोंडाचा.

आज काकी म्हणाल्या, तो प्रसाद आहे, टाकायचा नाही. स्वतः खाल्ला, मग माझ्या हातावर ठेवला. तो कोमट होता. मी सकाळी रांधलेला भात दुपारी कोमट नसतो. काशीचं राहणं काकींच्या हातात आहे. मी डोळे मिटून गिळला.

देव नैवेद्य खातो असं आपण म्हणतो. त्यानं खरंच खाल्ला तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नाही.

३ जुलै

आज लपून पाहिलं. कुणी आलं नाही. वाटीतलं वरण आपोआप वाटीच्या बाहेरून वर चढलं, त्याचा बोराएवढा गोळा झाला, ताटावर तरंगला आणि नाहीसा झाला. नुसता मिटक्यांचा आवाज.

पेपरात वाचलं होतं, वर आकाशात पाणी भांड्यात राहत नाही, त्याचे गोळे होतात.

माझ्याही पोटात अन्न बसत नाही. घास छातीशी येऊन हलत राहतो. सकाळी मोरीत उलटी झाली. ती खाली पडली नाही.

८ जुलै

काकी दुसरं काही खात नाहीत. बोटं चाटतात, ताट चाटतात. माझी भाकरी मलाही मातीसारखी लागते आणि दुपार झाली की तोंडाला पाणी सुटतं. त्या उष्ट्यासाठी. किळस येते आणि हात पुढं जातो.

घर सोडते म्हटलं. काकी हसल्या. "ज्यानं त्याचं उष्टं खाल्लं, ते त्याचं मानूस. तू कुटं बी जा, तो तुज्या मागनं जेवाया येनार." मग विचारलं, पोरगी कधी येते. लहान तोंडाचा घास त्याला गोड लागेल—

काशीला आणू नका, असं दिरांना कळवलं आहे.

१२ जुलै

स्कायलॅब पडली. लांब, ऑस्ट्रेलियात. नाक्यावर पेढे वाटले. जैनबचा महमूद म्हणाला, भिवंडीचा ट्राफिक बघून वरूनच वळली असंल.

तरी दुपारी ताट संपलेलं.

मग मीच उत्तरपूजा केली. अक्षता टाकल्या, आता जा म्हटलं, हात जोडले. आणि गणपतीला दरवर्षी म्हणतो तसं, सवयीनं, तोंडातून निघून गेलं— पुन्हा या.

अक्षता हलल्या. कुणीतरी त्या चाखून पाहत होतं. माझ्या समोर.

१३ जुलै

दीर काशीला सोडून गेले. निरोप पोचलाच नाही म्हणे, किंवा जावेनं— काय माहीत.

मी पाणी भरत होते. वर गेले तर काकी तिला ताटाशी घेऊन बसलेल्या. पोरीच्या हातात घास. बुळबुळीत. तोंडापाशी. मी हातावर फटका मारला. घास उडाला. खाली आलाच नाही— पत्र्याखाली तसाच—

काशीनं खाल्लं नाही. तोंड उघडून पाहिलं, बोटं घासून धुतली. नाही खाल्लं. ती रडते. भूक लागली होती, म्हणते, जेवायला बसले तर आईनं मारलं.

तिला जैनबकडं झोपवलं. काही सांगितलं नाही.

१४ जुलै

सकाळी काशीला परत अकलोलीला धाडायला वज्रेश्वरीच्या एसटीत बसवलं. जैनब सोबत गेली. काशीनं खिडकीतून बघितलं नाही. मी गेले असते तर तो मागून आला असता.

घरी आले. वरणभात केला. ताट गच्चीवर ठेवलं, पाणी फिरवलं, काकींना धरून बसवलं. मग मी बसले. ताटाच्या पलीकडं आता कुणीतरी बसलं आहे, आणि ते—