तिसरी हाक

प्रिय आप्पा,

पत्राची सुरुवात तीर्थरूप लिहून करायची, हे तुम्हीच शिकवलंत. आज हात तसा वळत नाही. तीर्थरूप लिहिलं की पुढचंही सगळं नीट लिहावं लागेल, आणि मला नीट काहीच कळलेलं नाही.

लिहायला बसले ते टेलिफोन खात्याच्या अर्जामुळे. फोन तुमच्या नावावर आहे. तो परत करायचा की वारसाच्या नावावर करून घ्यायचा, ते परवा सोमवारी कळवायचं आहे. अर्ज समोर आहे, पेनही आहे. पण त्याआधी तुम्हाला एक विचारायचं होतं. वर्षभर, आप्पा, तुम्ही कदम झाला होतात का?

आपल्या डोक्यावरच्या खोलीतले कदम. गिरणी बंद झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पेपर वाचत बसणारे. त्यांच्या घरात दिवसभर शिवणाची मशीन चालते ती नलूवहिनींची. ती हप्त्यावर घेतलेली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं.

फोन मिळायला आपल्याला आठ वर्षं लागली. आईने त्याच्यावर घालायचा रुमाल आधीच विणून ठेवला होता. ती गेली, त्यानंतर दीड वर्षाने फोन आला. रुमाल थोडा लहान पडला. तुम्ही तो तसाच घातलात.

महिन्याभरात आपला नंबर अख्ख्या चाळीचा झाला. लोकांनी तो गावी कळवला, लग्नाच्या पत्रिकांत छापला, पुढे पी.पी. अशी दोन अक्षरं घालून. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, बोलावून द्या. फोन वाजला की तुम्ही गॅलरीत जाऊन हाक मारायचात. हाका दोनच. दोन हाकांत माणूस आला नाही तर तो घरी नाही असं समजायचं आणि समोरच्याला तसं सांगायचं. एकदा मी तिसरी हाक मारली तेव्हा तुम्ही मला आत बोलावलंत. दोनदा बोलावणं असतं, म्हणालात, तिसऱ्यांदा बोंब होते.

तुम्हाला आणखी एक दिवस आठवतो का? तुम्ही मोरीत होता. विक्रोळीहून तुमच्या कारखान्यातल्या कोणाचा तरी फोन आला. मी सांगून टाकलं, आप्पा घरी नाहीत. तुम्ही टॉवेल गुंडाळून तसेच ओले बाहेर आलात. मला परत फोन लावायला लावलात. मी त्या माणसाला सांगितलं की वडील घरी होते, मी खोटं बोलले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. माझं लग्न ठरलं होतं.

म्हणून मी विचारते आहे.

तुम्ही गेल्याच्या बाराव्या दिवशी, सोमवारी, अकरा वाजता फोन वाजला. मी एकटीच होते. पलीकडच्या माणसाने कदमांना विचारलं. मी म्हटलं, थांबा, वरून बोलावते. तो म्हणाला, वरून कशाला? कदम फोनजवळच असतात. दर सोमवारी असतात. ते खोकणारे. हळू बोलणारे.

खोकणारे म्हटल्यावर मला कळलं की हा माणूस तुमच्याबद्दल बोलतो आहे. का, ते कळलं नाही. मी म्हणाले, "ते गेले. आज बारावा दिवस."

तो म्हणाला, "कदम गेले?"

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्याने मी मागाहून फोन करतो असं सांगून ठेवून दिला, आणि मी आईच्या रुमालावरून हात फिरवत उभी राहिले. एका जिवंत माणसाला मी मारलं होतं आणि ते दुरुस्त करायला माझ्याकडे नंबर नव्हता.

तेरावं झालं. बुधवारी त्याचा पुन्हा फोन आला. या वेळी त्याने नाव सांगितलं, गावडे. हप्त्यावर वस्तू देणाऱ्या दुकानाचा वसुलीचा माणूस. त्याने मला नियम समजावून दिला. ज्याच्या नावावर वस्तू, तो माणूस गेला आणि हप्ते थकलेले असले, की दुकान वस्तू परत नेतं. तसा कागद तयार झाला आहे. उद्या तो कागद घेऊन मी येतो, हमाल खाली थांबेल. "मला बरं वाटत नाही बाई," तो म्हणाला. "पण ठरवणं माझ्या हातात नाही."

आता तरी सांगायचं. पण सांगायचं काय? की तो ज्यांच्याशी वर्षभर बोलला ते कदम नव्हतेच? मग ते कोण होते? आणि ते कदम म्हणून का बोलत होते? याचं उत्तर मला देता आलं नसतं. शिवाय तुमचं नाव त्याला खोटारड्याचं म्हणून पहिल्यांदा कळलं असतं, तेही माझ्या तोंडून. मी या म्हटलं आणि फोन ठेवला.

मग वर गेले. नलूवहिनी परकर शिवत होत्या, मरोळच्या कोणा व्यापाऱ्याचे. मी सगळं सांगितलं. त्यांचा पाय थांबला. ही मशीन गेली तर या घरात दुसरं काहीच चालत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. कदम पेपरातून वर बघत नव्हते. नंबर दुकानात यांनीच दिला, वहिनी म्हणाल्या. पी.पी. लिहिलं नाही. घरी स्वतःचा फोन आहे म्हटलं की दुकानदार लगेच उधारी देतो.

मी कदमांना म्हटलं, उद्या तो आला की खाली या. तुम्ही आहात एवढं त्याने बघायला हवं.

"बघतो," कदम म्हणाले.

"बघतायत," वहिनी म्हणाल्या. "वर्ष झालं, बघतायतच."

त्या जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या आणि तिथे त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा वसुलीचा फोन आला तेव्हा तुम्ही दोन हाका मारल्या होत्या. कदम घरात होते, उठले नाहीत. पुढच्या सोमवारी पुन्हा दोन. त्यानंतर तुम्ही हाक मारायचं बंद केलंत. संध्याकाळी जिन्यात वहिनी भेटल्या की तेवढं सांगायचात, शुक्रवारपर्यंत काही जमतं का बघा. त्यांना वाटायचं, आप्पा निरोप घेऊन ठेवतात. निरोप कसे घेता ते त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्री मी तुमचं पासबुक काढून पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं होतं की हप्ते तुम्ही भरत असाल. तसं असतं तर तुमचं वागणं मला कळलं असतं. तसं काही नाही. तुम्ही एक पैसाही दिला नाहीत. फक्त बोलणी खाल्लीत.

गुरुवारी गावडे आले. मी कोणी दांडगा माणूस येईल असं धरून होते. हे तुमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, चष्मा, काखेत रेक्झिनची बॅग. चप्पल दाराबाहेर काढली. तुमच्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले. "आवाजावरून मला बारीक वाटले होते," म्हणाले.

मी पाणी दिलं. ते बसले, आणि मी न विचारताच बोलू लागले. सुरुवातीला फार वाईट बोललो. आमच्या कामात तसं बोलावंच लागतं. माणसं उलट बोलतात, फोन आपटतात, घरात नाही म्हणून सांगतात. हे नुसते ऐकून घ्यायचे. एकदा मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, तुमचा घसा बसलाय, काही घेता का? पुढे पुढे मी यादीत त्यांचा फोन शेवटी ठेवायचो.

मी विचारलं, मी कदम बोलतोय असं ते म्हणायचे का?

गावड्यांनी आठवून पाहिलं. "नाही. नुसतं 'बोला' म्हणायचे."

आप्पा, मला इथे थोडं बरं वाटलं. कदम घरात असताना ते नाहीत असं तुम्ही सांगितलं नसतंत. तिसरी हाक मारली नसतीत. फोन तसाच ठेवला नसतात. मग उरलं काय? तो विचारत असेल, कदम का? आणि तुम्ही म्हणालात, बोला. याला खोटं म्हणायचं की नाही, ते मी अजून ठरवते आहे.

तेवढ्यात गावडे म्हणाले, "तुम्ही त्या बोरीवलीच्या ना? ते सांगायचे. माझी मुलगी बोरीवलीला दिली आहे, शाळेत शिकवते. दर रविवारी सकाळी तिचा फोन असतो. दहाला. त्यामुळे रविवारी कुठे जात नाही म्हणायचे."

कदमांना मूलबाळ नाही.

आणि मी कधी रविवारी फोन केला, आप्पा? शाळेच्या ऑफिसातून करायचे, महिन्यातून एकदा, कारकून समोर बसलेला असताना. पैसे पोचले का, औषध संपलं का, ठेवते. रविवारी शाळा बंद. नाक्यावरच्या दुकानात नाणं टाकायचा लाल फोन होता. मला माहीत होता. तिथे रांग असायची, हे मी तुम्हाला सांगायचे. नेहमी नसायची.

आठ वर्षं वाट पाहून आलेल्या फोनवर कोणाकोणाचे फोन आले. मुलगे झाल्याचे, नोकऱ्या लागल्याचे. तुम्ही दोन हाका मारून बाजूला व्हायचात. तुमच्याशीच बोलायला दर आठवड्याला कोण फोन करत होतं? हा एकटा. तोही दुसऱ्याच्या नावाने. म्हणजे तुम्ही हे कदमांसाठी केलंत की स्वतःसाठी? दोन्ही असू शकतं का? मला विचारायला कोणी नाही.

गावडे उत्तराची वाट बघत होते. मी म्हणाले, "हो. दर रविवारी."

त्यांनी मान हलवली आणि बॅगेतून कागद काढला. वर मशीन चालू होती. छतातून तिची घरघर खाली येत होती. त्यांनी वर पाहिलं. तीच का, म्हणून विचारलं. जिन्याच्या तोंडाशी हमाल विडी ओढत बसला होता, तो मला दारातून दिसत होता.

मी म्हटलं, "गावडे, हे कदम नाहीत. हे माझे वडील. कदम वर आहेत."

मी गॅलरीत गेले आणि हाक मारली. कदम, तुमच्याकडे आलेत. मशीन थांबली. कोणी आलं नाही. मी दुसरी हाक मारली. समोरच्या खोल्यांतून दोघी-तिघी बाहेर आल्या. वर पेपर घडी केल्याचा आवाज झाला, मग तोही नाही.

तुम्ही इथे थांबला होतात. मीही थांबले. कठड्याला धरून उभी होते आणि मला कळत होतं की वर तो माणूस श्वास धरून बसला आहे. त्याला तसंच राहू देणं म्हणजे दया होती का? तुम्ही वर्षभर ती केलीत. म्हणून तर तो वर्षभर खाली आला नाही. मला तुमचा राग आला, आप्पा. गेल्यानंतर पहिल्यांदा.

मी तिसरी हाक मारली. मोठ्याने. सगळ्या चाळीने ऐकली असेल.

कदम आले. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पायात काही नाही. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "मी कदम."

त्यांचा आवाज भरदार आहे. मीही विसरले होते. गावड्यांनी कागद मांडीवर ठेवला. "मग वर्षभर मी शिव्या कोणाला घातल्या?"

मी फोटोकडे पाहिलं.

"मला," कदम म्हणाले. "त्या माझ्याच होत्या. यांनी घेतल्या."

मग गावड्यांनी कागद पुन्हा बॅगेत घातला. माणूस हयात आहे, तेव्हा हा कागद चालत नाही, एवढंच म्हणाले. हप्ते मात्र चालतात. कदम म्हणाले, सोमवारी फोन करा. मी येईन.

वहिनींनी चहा आणला. हमालालाही दिला. निघताना गावडे पुन्हा फोटोजवळ गेले आणि यांचं नाव काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, दत्ताराम राणे. ते त्यांनी एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग चप्पल घातली.

रविवारचं मी त्यांना सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं, तेवढं राहिलं. तुमचं एकच खोटं सापडलं, आप्पा, आणि ते माझ्याबद्दलचं निघालं. त्यात मीही हो मिळवलं. त्या विक्रोळीच्या माणसाला परत फोन करायला लावलात, तसा मला आता कोणाला करायला लावाल?

अर्ज आत्ताच भरला. फोन माझ्या नावावर होईल, पण राहील इथेच. खोलीची किल्ली नलूवहिनींकडे ठेवली आहे. वाजला की त्या खाली येतील. हाका किती मारायच्या ते त्यांचं त्या ठरवतील.

संध्याकाळी मी बोरीवलीला जाते. उद्या रविवार आहे. दहा वाजता मी नाक्यावर असेन, रांग असली तरी. नंबर फिरवीन. वहिनी उचलतील आणि चाळीच्या सवयीने विचारतील, कोणाला बोलावू? काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण फोन करीन. पुढच्या रविवारीही करीन.

तुमची,
सुनंदा