पगार मॅडमना लिहिलेलं पत्र

६ जानेवारी, सोमवार

सकाळी फोन आला. नोकरीसाठी अर्ज केलेल्या एका कंपनीची एचआरची मुलगी. गोड आवाज.
"मॅडम, सध्या कुठे आहात?"
"घरी."
"किती दिवस?"
"सहा वर्षं. सासूबाईंना अर्धांगवायू..."
"अच्छा, म्हणजे फ्रेशरच." फोन ठेवला तिने.
फ्रेशर! सातपूरच्या फळप्रक्रियेच्या कारखान्यात आठ वर्षं लॅब सांभाळली मी. पोळ्या करताना लाटणं आपटत होते. मानसी म्हणाली, "मम्मी, ओटा फुटेल."

८ जाने.

आज पुन्हा अर्ज पाठवले, जिथे जिथे जागा दिसली तिथे. सगळ्यांना तेच पत्र, नेटवरून उतरवलेलं. 'मी मेहनती, डायनॅमिक, टीमसोबत काम करणारी...'
मानसीने वाचलं. "डायनॅमिक? तू?" आणि हसत सुटली. दहावीचं वर्ष, अभ्यास सोडून हे.
प्रकाश मनमाडहून रेल्वेची ड्युटी करून आले. म्हणाले, "शाळेत लॅब असिस्टंट बघ ना. जवळ पडेल." वाईट हेतूने नाही म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

१२ जाने., रविवार

स्वाती आली पुण्याहून. माझी नणंद. हिची नोकरीच लोकांना नोकऱ्या लावायची. दिवसभर अर्ज वाचते. जेवता जेवता माझं पत्र मोबाईलवर वाचलं.
"वहिनी, हे पत्र कुणाचं आहे?"
"माझं."
"नाही. हे कुणाचंही आहे. नाव बदललं तर चालेल."
मग एकेक सांगत गेली. पहिल्या दोन ओळींत माणूस कळला नाही तर आम्ही पुढे जातो. बायोडाटा पुन्हा पत्रात ओतायचा नाही. त्यांची अडचण काय ते शोध, आणि तू तशी अडचण कधी सोडवलीस ती एकच गोष्ट सांग. कंपनीला लिहू नको, माणसाला लिही.
सगळं पटत होतं. वही घेऊन बसलेच होते. तेवढ्यात म्हणाली, "आणि ती सहा वर्षं लपव. काहीतरी कन्सल्टिंग वगैरे टाक."
"लपवू?" मी म्हटलं. "तुझ्या आईला लपवू?"
प्र. ताटात बघत राहिले. स्वातीने हात धुतले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली.
बोलले ते बोलले. परत घेणार नाही.

१३ जाने.

स्वातीचा फोन, पुण्याला पोचल्यावर. "वहिनी, आई होती तोवर मी महिन्यातून एकदा यायचे आणि तिला फळं आणायचे. तिची कूस तू बदलायचीस. मला कळत नव्हतं असं नाही गं."
दोघी रडलो. मग तीच पहिली सावरली, कामाचं बोलायला लागली. "लिही ते पत्रात. पण एका ओळीत. भीक मागितल्यासारखं नको आणि माफी मागितल्यासारखंही नको."

१७ जाने.

जाहिरात दिसली. दिंडोरीकडची कंपनी, टोमॅटोची नवी लाईन उन्हाळ्यात सुरू करताहेत. क्वालिटीला माणसं हवीत.
टोमॅटो! माझाच प्रांत.
कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. क्वालिटीचे अर्ज कोण वाचतं विचारलं. टेलिफोनवरचा मुलगा आधी टाळत होता, मग म्हणाला, "शेवटी पगार मॅडमकडेच जातात."
आडनावच पगार. शुभ म्हणायचं.

१९ जाने.

लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं. मोठं होतंय. बढाई वाटतेय. बढाई काढली तर काहीच उरत नाही.
प्र. म्हणाले, "मला सांगितलं होतंस ना फुगलेल्या डब्यांचं, तसं लिही." यांच्या लक्षात आहे! लग्नानंतर पहिल्यांदा मी कामाबद्दल बोलले होते ती गोष्ट.

२० जाने.

झालं. इंग्रजीत आहे, पण इथे मराठीत उतरवून ठेवते, कारण आवडलंय मला:

'पगार मॅडम, तुमची टोमॅटोची लाईन उन्हाळ्यात सुरू होते आहे असं वाचलं. उन्हाळ्यात टोमॅटोचा आंबटपणा लॉटगणिक बदलतो. माझ्या जुन्या कारखान्यात गराचे डबे फुगून परत येऊ लागले तेव्हा सगळे डब्याला दोष देत होते. मी प्रत्येक लॉट शिजवण्याआधी तपासला. कमी आंबट टोमॅटोला आम्ही नेहमीचीच उष्णता देत होतो, ती पुरत नव्हती. भरलेली गाडी गेटवर थांबवून मी डिस्पॅच रोखलं. शिव्या खाल्ल्या. त्यानंतर डबे परत आले नाहीत.
गेली सहा वर्षं मी घरी सासूबाईंची शुश्रूषा केली. ती जबाबदारी पूर्ण झाली आहे. या काळात आलेली नवी यंत्रं मला शिकावी लागतील आणि मी विचारायला लाजत नाही.
भेटायला थोडा वेळ द्याल का?'

स्वातीला पाठवलं. उत्तर आलं: 'पाठव. एक शब्द हलवू नकोस.' मागोमाग: 'आईचं नीट लिहिलंस. थँक्यू.'
पाठवलं.

२४ जाने.

काही नाही. दर दहा मिनिटांनी मोबाईल बघते. मानसी म्हणते माझ्यापेक्षा तुझा स्क्रीन टाईम जास्त आहे.

२७ जाने., सोमवार

नुसतं बसवेना. स्वाती म्हणाली होती, आठवड्याने आठवण करून द्यावी, पण 'माझं पत्र मिळालं का' असं विचारू नये. काहीतरी नवीन द्यावं.
काय देणार? कपडे बदलले आणि पंचवटीच्या भाजीबाजारात गेले. वेगवेगळ्या बायकांकडून थोडे थोडे टोमॅटो घेतले. प्रत्येकीला विचारत होते, कुठला माल, कधी तोडला. एक मावशी वैतागली.
"ताई, तुला टोमॅटो घ्यायचाय का त्याचं लगीन लावायचंय? लय चौकश्या!"
मी कारण सांगितलं. मग तिनेच शेजारणीला ओरडून सांगितलं, "अगं, तुझा गावठी पन दे हिला! आंबट हाय तो!"
घरी येऊन मिक्सर. आंबटपणा मोजायच्या, पीएचच्या कागदी पट्ट्या आणलेल्या. मानसी वाट्यांवर नावं टाकत होती: मावशी लय, मावशी गावठी, मावशी लाल छत्री. पट्ट्यांचे रंग खरंच वेगवेगळे आले. हात तसेच चालले. सहा वर्षं मधे गेलीच नाहीत असं वाटलं.
दुसरं पत्र, चारच ओळी. आजच्या बाजारात एकाच दिवशी इतका फरक आहे, तुमच्या गेटवर याहून जास्त असेल. सोबत पट्ट्यांचा फोटो.
रात्री सार. उद्यापण सार. परवापण बहुतेक.

३० जाने.

आला!! फोन आला!!
"मी पगार बोलतेय. पट्टीने मोजला तुम्ही पीएच? मीटर नाही?"
"घरी पट्टीच होती, मॅडम."
हसल्या. मोठ्याने, अगदी घरच्यासारख्या. "मंगळवारी या. पट्ट्या आणू नका, आमच्याकडे मीटर आहे."
फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच नाचले. दुधवाल्याने खिडकीतून पाहिलं. पाहू दे.

४ फेब्रु., मंगळवार

गेले. निळी साडी. आधी बसचा खोळंबा, मग गेटवर नोंद, मग बराच वेळ बाकावर.
आत एचआरचा एक तरुण आणि पगार मॅडम. पन्नाशीच्या असतील, बुटक्या, चष्मा केसांत. मुलाने पहिलाच प्रश्न टाकला, "ही सहा वर्षांची गॅप..."
मॅडम मधेच म्हणाल्या, "ते पत्रात लिहिलंय. वाचलं नाही का? पुढचं विचारा."
मला खुर्चीत दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.
मग लॅबमध्ये नेलं. एक यंत्र ओळखता आलं नाही. सरळ म्हटलं, हे मी वापरलेलं नाही. त्यांनी मान डोलावली. मग टोमॅटोवर जे बोलणं सुरू झालं ते संपेना. मधेच त्यांच्या आईचा देवळ्याहून फोन आला, तर मॅडम एकदम अहिराणीत, "हां आई, बरी शे मी, मंग करस फोन." आणि लगेच माझ्याकडे वळून, "हां, तर उष्णता किती वाढवली होती?"
आवडल्या मला.

७ फेब्रु.

मेल आली. निवड झाली.
ट्रेनी म्हणून.
पुन्हा पुन्हा वाचलं. ट्रेनीच लिहिलंय.
प्र. म्हणाले, "अगं, मिळतेय तर घे. आत तर शिरशील." स्वातीही घाबरली, "वहिनी, हातचं घालवू नकोस. नंतर बढती मिळते."
दोघंही माझ्या भल्याचं बोलताहेत. पण सासूबाई आठवल्या. अर्धं अंग लुळं, बोलणं अडखळतं, तरी परक्यासमोर माझ्याबद्दल म्हणायच्या, "ही के-मिस्ट आहे." दोन तुकडे करून का होईना, पूर्ण म्हणायच्या.
विचार करते.

८ फेब्रु.

पाठवलं. स्वातीला न दाखवता.
'निवडीबद्दल आभार. तुमच्यासोबत काम करायची फार इच्छा आहे. पण ट्रेनी म्हणून येता येणार नाही. नवीन यंत्रं मी शिकेन, ते माझं काम. माल थांबवायचा की सोडायचा हा निर्णय मी आठ वर्षं घेतला आहे. त्या जागेवर घेणार असाल तर सांगाल तेव्हा हजर होईन.'
बटण दाबलं. हे काय केलं.

११ फेब्रु.

पगार मॅडम स्वतः. "गॅप असली की ट्रेनीत टाकायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. मी तुमची तिन्ही पत्रं घेऊन डायरेक्टरांकडे गेले. ते म्हणाले, ही बाई गाडी थांबवेल. म्हटलं, म्हणूनच हवी."
क्वालिटी एक्झिक्युटिव्ह!!!
मग म्हणाल्या, "अजून एक आहे, ऐका." देवळ्याला कंपनीचं कांदा वाळवायचं नवं युनिट उभं राहतंय. तिथे लॅब शून्यातून मांडायची. हवी असेल तर तिथली इनचार्ज मला करणार. नको असेल तर दिंडोरीची जागा पक्की आहेच. सोमवारी सांगा.
प्र. ना फोन केला. फलाटावरच होते, मागे गाडीची घोषणा. "काय? काय म्हणालीस? मोठ्याने बोल!" मी ओरडले. त्यांनी तिथेच कुणाला तरी सांगितलं, "मिसेसला लागली!" स्वाती फोनवर नुसती किंचाळत होती.
संध्याकाळी कॉलनीतल्या विहारात पेढे वाटले. देवळ्याचं कुणालाच सांगितलं नाही अजून.

१३ फेब्रु.

सांगितलं. मानसी: "अकरावी मी नाशिकलाच करणार. आधीच सांगते." प्र. नुसते "हं." रोज नाशिकरोड ते देवळा जाऊन येऊन होणार नाही, हे मलाही कळतं. दिंडोरी सोपी आहे. दिंडोरी चांगली आहे. दिंडोरीला हो म्हटलं तर कुणी नावं ठेवणार नाही.
पण शून्यातून लॅब...

१६ फेब्रु., रविवार

प्र. सकाळी म्हणाले, "चल, बघून तरी येऊ." मोटरसायकलवर गेलो. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, वारा चांगला गार.
युनिट म्हणजे अजून पत्र्याची शेड. लॅबच्या खोलीत नळसुद्धा नाही. वॉचमनने दार उघडून दिलं. आत उभी राहिले. सिमेंटचा वास. तोंडातून निघून गेलं, "टेबल खिडकीशी नको, दुपारचं ऊन पडेल. या भिंतीला घ्यायचं."
प्र. म्हणाले, "म्हणजे ठरलं."
"नाही ठरलं."
"मग टेबल कुठे ते कशाला ठरवतेस?"
मी पावलांनी भिंत मोजत राहिले.
येताना चांदवडजवळ सोग्रस फाट्यावर चहा प्यायलो; इथून देवळाही जवळ, यांचं मनमाडही. मी कप ठेवून वळले तर हे जरा लांब जाऊन, माझ्याकडे पाठ करून, फोनवर चांदवडच्या ओळखीच्या कुणाला तरी विचारत होते, दोन खोल्यांचं भाडं काय पडतं तुमच्याकडे.