नाकाला लावलेलं कापड

मास्तर, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली आणि तुम्ही दिलेली एक गोष्ट मी ठाण्याच्या दवाखान्यात जाऊन, सही करून, स्वतःच्या हाताने घालवून आलो आहे. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांचं लेझर ऑपरेशन केलं. सात नंबरचा चष्मा गेला. तुमच्यापुढे उभं राहून हे सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून लिहितो आहे. तुम्ही ऐकलं असतं तर आधी कपाळाला हात लावला असता आणि मग त्याच हाताने माझ्या पाठीत एक घातली असती.

मी एकोणीस वर्षांचा, बाटलीच्या बुडासारख्या काचा लावून तुमच्या फोल्डिंगमध्ये, कापड तपासून घडी घालायच्या खात्यात, आलो तो दिवस आठवतो. कापडाच्या ताक्यांच्या थप्प्या छातीपर्यंत, हवेत कापसाचे बारीक तंतू, आणि भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट. घडी घालणारा एकजण मला बघून म्हणाला, "मास्तर, ये अंधा क्या माल चेक करेगा?" तुम्ही माझा चष्मा काढून स्वतःच्या खिशात टाकलात, टेबलावरचं कापड माझ्या नाकाला टेकवलंत आणि विचारलंत, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "सगळं दिसतंय. इथे दोन धागे एकात गेलेत. इथे एक तुटलाय." तुम्ही त्या माणसाकडे वळून म्हणालात, "ह्याचे डोले खराब न्हाय. आपल्या कामाचे हायत." शाळेत सगळे ज्यांना हसायचे, घरात ज्यांच्यापायी आई उसासे टाकायची, त्या डोळ्यांना त्या दिवशी नोकरी लागली. लांबचं न दिसणाऱ्याला जवळचं इतकं बारीक दिसतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पुढे आठ वर्षं तुमच्या हाताखाली, आणि तुम्ही गेल्यावरही, मी ताके नाकाला लावून तपासले. धागे मोजायची मालकाची छोटी काच मी एकदा गंमत म्हणून डोळ्याला लावली, तर तुम्ही हातावर फटका मारलात. "देवानं दिलंय ते वापर. काच ज्याला न्हाय दिसत त्याला." हा फटका मला ऑपरेशनच्या आधी दोन महिने रोज आठवत होता. कारण डॉक्टरबाईंनी साफ सांगितलं होतं, "लांबचं छान दिसेल, पण चष्मा काढून तुम्ही जे अगदी जवळून बघता, ते आता जमणार नाही. आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेल. काम काय करता?" मी म्हटलं, कापड तपासतो. बाई म्हणाल्या, "मग नीट विचार करून या."

विचार करून गेलो. आता तुम्ही विचाराल, असं काय अडलं होतं? सांगायला लाज वाटते, पण पोहायचं होतं. माझी सासुरवाडी पडघ्याच्या पुढे, घरामागेच नदीचा डोह. दर उन्हाळ्यात मी चष्मा चपलेत ठेवून उडी मारायचो आणि वर आलो की काठ म्हणजे नुसता हिरवा-पांढरा चिखल. बायको काठावर उभी असायची, तिचा फक्त आवाज यायचा, "पुरं झालं आता, या भाईर!" आवाजावरून वाटायचं, बाई जाम चिडली आहे. मी निमूट बाहेर यायचो. मला एकदा पाण्यातून काठ बघायचा होता, बस. एवढ्यासाठी माणूस पोटापाण्याचे डोळे पणाला लावतो का? मी लावले.

टेबलावर पाठीवर झोपवलं, डोळ्यांत थेंब घातले, लाल दिव्याकडे बघा म्हणाले. मशीन टकटक करायला लागलं आणि जळक्या केसांसारखा वास आला. घाबरलो होतो, तरी मनात आलं, हे लोक आपल्यासारखा धागा जाळून माल ओळखतायत की काय! पॉलिस्टर नक्की नव्हतं, मास्तर. अस्सल रेशमाचा वास होता.

कामावर परत गेलो त्या दिवशी मात्र रडकुंडीला आलो. सवयीने हात चष्मा काढायला गेला, कानावर काहीच नाही. ताका नाकाला लावला तर समोर धुकं. धागा म्हणून दिसेना. त्या आठवड्यात मी पास केलेला एक ताका व्यापाऱ्याकडून दोषांभोवती खडूचे गोल घेऊन परत आला, आणि मालकाने तो माझ्याच टेबलावर आणून टाकला. मग मी मान खाली घालून ती छोटी काच मागून घेतली. हळूहळू कळलं की आता दुसरंच काही दिसतंय. कापड टेबलावर पसरून चार पावलं मागे गेलो की विणीतला फिका-गडद पट्टा झटकन डोळ्यात भरतो. नाक लावून तो मला कधीच दिसला नसता. नोकरी राहिली. गेल्या वर्षी मला मास्तर म्हणायला लागलेत.

आणि मास्तर झाल्यावर तुमची लबाडी उघडी पडली. परवा बिल वाचताना हात लांब लांब जात होता आणि एकदम तुम्ही दिसलात, पेपर हातभर लांब धरून "अक्षरं बारीक छापतात हल्ली" म्हणणारे. ताका आला की "पोरा, जरा बघ, माझा चा आलाय" म्हणणारे, आणि चहा गार होऊ देणारे. तुम्हाला जवळचं दिसत नव्हतं! तपासणाऱ्याने चष्मा लावला की मालक दुसरा माणूस बघतो, म्हणून तुम्ही चष्म्याऐवजी मला लावलंत. मी टेबलाजवळ एकटाच खो खो हसलो. मग डोळे भरून आले. तुम्ही माझ्यावर उपकार केलेत असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, आणि तुम्हालाही माझी तेवढीच गरज होती हे कळून किती बरं वाटलं, काय सांगू.

तरी माफी मागायचीच, असं ठरवून आज बसलो होतो. पण ती लिहून होत नाही, म्हणून हे पत्र असंच राहणार. का ते सांगतो. ऑपरेशननंतर महिनाभर पाणी वर्ज्य होतं. ते संपल्यावर पहिल्याच रविवारी मी डोहात उडी मारली, वर आलो, डोळे पुसले आणि काठाकडे पाहिलं. बायको हात हलवून ओरडत होती, "पुरं झालं आता, या भाईर!" आणि पदर तोंडाला लावून हसत होती. लग्नापासून चौदा वर्षं ती हसतच असणार, मास्तर. त्या दिवशी मी बाहेर आलो नाही.